खांडेनवमीला बसवलेला डायनॅमो

आमच्या गाडीचा डायनॅमो दसऱ्याच्या चार दिवस आधी जळला. डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरत ठेवणारं यंत्र. नव्या गाड्यांमध्ये त्याच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला होता, पण आमची गाडी नवी नव्हती. विलायती होती, राखाडी होती आणि जवळजवळ माझ्याच वयाची होती. नवऱ्याच्या साहेबांनी बदलीवर जाताना ती आमच्या गळ्यात मारली, असं सासरचे म्हणत. म्हणोत बापडे. आमच्या दोन्ही घरांत चार चाकांचं काही येण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती चालवायला नवऱ्याच्या आधी मी शिकले होते. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी तिशीची होते, एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आम्ही नागपुरात नंदनवन भागात राहायचो.

एरवी डायनॅमो जळला असता तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि सायकल काढली असती. पण त्या दसऱ्याला मला मावशीला आणायचं होतं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, कळमेश्वरच्या पुढे एका खेड्यात राहायची. छप्पन साली आमची सगळी वस्ती दीक्षा घ्यायला पायी नागपूरला निघाली, तेव्हा पोरं, म्हातारी माणसं आणि गुरं सांभाळायला कोणीतरी मागे राहायला हवं होतं. मावशी राहिली. मी तीन वर्षांची होते, तिच्याच ओसरीवर मला ठेवून आई गेली. पुढे गावात भंतेजी आले तेव्हा मावशीनं दीक्षा घेतली. पण त्यानंतर दर दसऱ्याला वस्ती दीक्षाभूमीवर जायची आणि मागे राहण्याचं काम मावशीच्याच गळ्यात पडायचं. चार-आठ दिवसांनी गर्दी ओसरली की ती एकटी जाऊन डोकं टेकवून यायची. मग दोन वर्षांपूर्वी ती विहिरीवर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि एसटीची पायरी चढणं संपलं.

यंदा मात्र तिच्या घरात सून आली होती, म्हणजे मागे राहायला माणूस होतं. आणि माझ्याकडे गाडी होती. पोळ्याला जाऊन मी छाती ठोकून सांगून आले होते, "मावशे, या दसऱ्याले तुले मी माह्या गाडीनं नेईन. गर्दीच्या दिवशी." मावशीनं ते अख्ख्या गावाला सांगितलं. पांढरं लुगडं धुऊन पेटीत वर काढून ठेवलं आहे, असा निरोपही आला. आता गाडी नाही नेली तर मी कोणत्या तोंडानं त्या गावात जाणार होते?

नशीब एवढंच की गाडी बंद पडली ती नागपूरच्या महाल भागात, आमच्या मिस्त्रीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. चार जणांनी ढकलत ती त्याच्या दारात नेली. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला तुटक आणि कामात चोख. त्यानं डायनॅमो काढून माझ्या नाकासमोर धरला. "वास घेऊन पाहा, बाई. गेलं आर्मेचर." आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या गाभ्याला, नवीन तार गुंडाळणारा माणूस सणासाठी गावाला गेला होता आणि दसरा झाल्याशिवाय येणार नव्हता. "कुठून जुना चालू डायनॅमो पाहून आणा," मिस्त्री म्हणाला. "घंटाभरात बसवून देतो. बॅटरी मी भरून ठेवतो."

शाळेत चाचण्या चालू होत्या. मला सुट्टी मिळाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात होता, त्याला सुट्टी थेट दसऱ्याची. तेव्हा जळका डायनॅमो कापडी पिशवीत घालून सकाळी मी एकटीच भंगारबाजारात गेले.

तिथं बाई म्हणून मी एकटीच होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. बघेनात का. गाड्यांचं सामान विकणारे एक चाचा होते, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, पुढ्यात स्टोव्हपासून ट्रकपर्यंत सगळ्याची हाडं. त्यांनी पिशवीतला डायनॅमो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "नमूना साथ लाई, अच्छा किया."

पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. त्यांच्या मागे फळीवर एक अल्टरनेटर होता, चकचकीत, आमच्या डायनॅमोपेक्षा आटोपशीर. मी मासिकात त्याच्याबद्दल वाचलं होतं, नववीच्या पोरींना फळ्यावर काढून दाखवला होता, प्रत्यक्षात हात लावायला पहिल्यांदाच मिळत होता. मी म्हटलं, हाच द्या.

"बैठ तो जाएगा, बेटी," चाचा म्हणाले. "मगर तुम्हारी गाडी पुरानी है. उसमें बॅटरी का प्लस बॉडी को लगता है. ये मायनसवाली गाडी का है. चालू करते ही जल जाएगा."

मी त्यांच्याशी चांगली पाच मिनिटं वाद घातला. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या अंगाला जोडतात, हे मी आठ वर्षं शिकवत होते. प्लस अंगाला लागतं म्हणजे काय? चाचांनी मला पोटभर बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, जुन्या विलायती गाड्या अशाच यायच्या, घरी जाऊन बघ. मला एवढी शरम वाटली की मी अल्टरनेटर गुपचूप फळीवर ठेवला. गाडी माझी, विज्ञान माझं, आणि बॅटरीकडे मी कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं.

चाचांनी मग एकामागून एक तीन डायनॅमो काढले. पहिल्याचे बोल्ट घालायचे कान जवळजवळ होते. त्यांनी सुतळीनं आमच्या डायनॅमोचं माप घेऊन दाखवलं, बोटभर फरक. दुसऱ्याचा दांडा जाड, आमची पुली त्यावर चढली नसती. तिसरा मात्र आमच्याच्या शेजारी ठेवला तर भावाभावासारखा दिसला. कान तेवढेच, लांबी तेवढीच, दांडा तेवढाच. अंगावर ग्रीसचा थर होता, तो चाचांनी किरोसीनच्या फडक्यानं पुसला.

"चालू आहे कशावरून?" मी विचारलं.

चाचा हसले. कोपऱ्यातली बॅटरी ओढली आणि दोन वायरी डायनॅमोला टेकवल्या. डायनॅमो आधी जरा गुरगुरला आणि मग सुरेख फिरायला लागला. अहाहा. यंत्र फिरवलं तर वीज देतं आणि वीज दिली तर फिरतं, हे वाक्य मी शंभर वेळा फळ्यावर लिहिलं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पहिल्यांदा घडत होतं. मी चाचांना म्हटलं, अजून एकदा. त्यांनी अजून एकदा फिरवला. तिसऱ्यांदाही फिरवला. मला शाळेतल्या सगळ्या पोरींना हाका मारून बोलवावंसं वाटत होतं. भावात मी फार ताणलं नाही.

सायकलरिक्षात बसले तेव्हा डायनॅमो माझ्या मांडीवर होता, साडीला ग्रीस लागत होतं आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं. मनातल्या मनात मी मावशीला घेऊन कळमेश्वर पार केलं होतं. महालात जागोजाग झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या जुड्या. सण आहे, माणसं खरेदी करणारच, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मिस्त्रीच्या दुकानापुढे उतरले आणि पाय जागीच थबकले. दुकान धुऊन काढलेलं. मध्ये लाल फडकं अंथरून त्यावर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले, हळद-कुंकू लावलेले. जॅकवर झेंडू, हातोड्यावर झेंडू, टेबलाला आवळलेल्या पकडीच्या शिकंज्यालाही हार. मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यात, कपाळाला टिळा लावून दारात खुर्ची टाकून बसलेला.

"बाई, आज काहून आल्या?" तो म्हणाला. "आज तं खांडेनवमी."

खांडेनवमी. हत्यारं पूजेला बसतात, आणि एकदा बसली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या घराला माहीत नव्हतं. म्हणजे एके काळी असेलही. पण आमच्याकडे दसरा म्हणजे दीक्षेचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी लोक काय करतात, कशाला फूल वाहतात, याच्याशी आमचा संबंध सत्तावीस वर्षांपूर्वी सुटला तो सुटलाच.

माझं डोकं फिरलं. "मग त्या दिवशीच सांगायचं नाही?" मी रस्त्यातच ओरडले.

"खांडेनवमी सांगा लागते का कोणाले?"

"उद्या दुपारी हत्यारं उठली की पयलं काम तुमचं," तो म्हणाला. दुपारी काय उपयोग? मावशीला सकाळी घ्यायचं होतं. मी दुकानाच्या पायरीवर मटकन बसले, डायनॅमो मांडीवरच, आणि त्याला सगळं सांगितलं. मावशी, मागे राहणं, खुब्याचं हाड, पेटीतलं लुगडं. सांगता सांगता मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. मिस्त्रीनं खुर्ची गाडीकडे वळवली.

"मी हात नाही लावणार," तो शेवटी म्हणाला. "बाप नव्हता लावत, मीही नाही लावत. पण तोंड तं मी पूजेले नाही ठेवलं. तुम्ही फिरवा, मी सांगतो."

"मी?"

"तुम्ही काय नवमी पाळता?"

मी पदर खोचला. पण पाने कुठले? त्याचे पाने फुलांखाली. शेजारच्या दुकानातले फुलांखाली. अख्ख्या महालात त्या दिवशी मोकळा पाना मिळणं शक्य नव्हतं, आणि आमच्या घरी असलं काही नव्हतंच. मग एकदम चाचा आठवले. तोच रिक्षावाला पान खात उभा होता, त्याला उलट्या पावली भंगारबाजारात घेऊन गेले. चाचांनी कारण ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि दोन पाने, स्क्रू पिळायचा एक पेचकस, वर वायरीचा एक तुकडा माझ्या पिशवीत टाकला. "काम हो जाए तो परसों भेज देना," म्हणाले. ओळख दोन तासांची, ना नाव विचारलं ना पत्ता.

परत आले तर मिस्त्रीनं खुर्ची गाडीच्या बॉनेटपाशी आणून ठेवली होती. तो बसला आणि त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. सवयीनं हात पुढे जातील याची त्याला भीती होती, आणि ते जातच होते. मी पाना वाकडा लावला की त्याचा हात सुटायचा, अर्ध्या वाटेवर थांबायचा आणि परत काखेत जायचा. "तसा नाही, बाई. खालून. खालून घाला. अर्ध्याचा पाना घ्या, मोठा कायले घेता? सारा जोर आताच नका लावू, आधी तिन्ही बोल्ट नुसते अडकवा." बघायला दहा-पंधरा माणसं जमली. एकानं मदतीला हात पुढे केला, तर दुसरा म्हणाला, अबे, आज नवमी हाय. त्यानं हात मागे घेतला. भर महालात, सणाच्या दिवशी एक मास्तरीण बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभी आहे आणि अख्खी गल्ली हात बांधून तिला सूचना करते आहे. मला हसू आवरेना. अवसेच्या रात्रीसारखं काळं तोंड झालं आहे, असं माझंच प्रतिबिंब मला काचेत दिसलं.

पट्टा चढवला. "आता अंगठ्यानं दाबा," मिस्त्री म्हणाला. "अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तं ढिला, नाही दबला तं बेरिंग खाते." मी दाबला, सांगितलं, पुन्हा ताणला, पुन्हा दाबला. जाड वायर मोठ्या टोकाला, बारीक वायर लहान टोकाला. राहिली बॅटरी. ती जड, म्हणून पोराटोरांना न सांगता त्यानं शेजाऱ्याकडून उचलून आणवली. बॅटरी काही हत्यार नव्हे, यावर गल्लीचं एकमत झालं.

आणि इथं माझं शिक्षण आडवं आलं. ऋण टोक अंगाला. आठ वर्षांची सवय. सकाळी चाचांनी कानीकपाळी सांगितलेलं मी साफ विसरले आणि मायनसची पट्टी गाडीच्या अंगाकडे नेली. टेकायला वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात मिस्त्री खुर्चीतून उडाला आणि त्यानं माझं मनगट धरलं. गच्च.

"उलटी," तो म्हणाला. "सारी वायरिंग धुपली असती."

मग त्यानं मनगट सोडलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं. पाना माझ्या मुठीत होता, त्याला त्याचं बोटही लागलं नव्हतं. "हत्याराले नाही लागला," तो स्वतःशीच म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत बसला. एका सेकंदाच्या फरकानं मावशीचा दसरा माझ्याच हातून जळाला असता. प्लस अंगाला लावताना मी मोठ्यानं म्हणत होते, प्लस अंगाला, प्लस अंगाला, आणि पोरं माझ्या मागून तेच म्हणत होती.

"आता याले शिकवा," मिस्त्री म्हणाला. हा डायनॅमो दुसऱ्या कुठल्या गाडीतून आलेला, त्याला आमच्या गाडीची उलटी रीत माहीत नव्हती. चाचांनी दिलेला वायरीचा तुकडा बॅटरीच्या दुसऱ्या, मायनसच्या टोकाला लावून डायनॅमोच्या लहान टोकाला क्षणभर टेकवायचा, की त्यातलं चुंबक योग्य बाजूला वळतं. मी टेकवला. निळी ठिणगी उडाली. "बस," तो म्हणाला, "शिकला." आठ वर्षांत मी कोणालाही इतक्या झटपट काही शिकवलं नव्हतं.

मी आत बसले आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, लाल दिवा लागलेलाच. हा दिवा लागलेला असला म्हणजे डायनॅमो काम करत नाही. मी हळूहळू रेस दिली. दिवा थरथरला, फिका झाला आणि गेला. मी पाय काढला, दिवा आला. पुन्हा रेस दिली, दिवा गेला. मिस्त्रीला सांगायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो काखेतले हात सोडून टाळ्या वाजवत होता.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी चालवत होते, नवरा मागच्या सीटवर, पुढची सीट मावशीसाठी राखलेली. गावात पोचलो तर मावशी पांढऱ्या लुगड्यात पहाटेपासून दारात बसलेली. वस्ती रात्रीच ट्रकनं गेली होती. सुनेच्या कडेवर कोणाचं तरी मूल होतं, आणखी तीन अंगणात खेळत होती, आणि गोठ्यात वस्तीभरची गुरं. सुनेनं आणि मी मिळून मावशीला उचलून पुढे बसवलं. मावशीनं डॅशबोर्डवर हात फिरवला आणि विचारलं, "हा लाल दिवा कायचा वं?" तो विझलेला होता. मी म्हटलं, कायचाच नाही.

दीक्षाभूमीच्या फार अलीकडे गाड्या अडवल्या होत्या. नवरा गाडीपाशी थांबला. मावशी एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर ठेवून निघाली. माणसं वाट करून देत होती. विदर्भातली, मराठवाड्यातली, कुठकुठली, डोक्यावर बोचकी घेतलेली, कडेवर पोरं घेतलेली, नजर जाईल तिथवर पांढरी. मैदानावर सगळे एका सुरात त्रिशरण म्हणायला लागले. मावशीनंही सुरुवात केली, मग मधेच थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

"इतके असतात?" तिनं विचारलं.

"हो."

"दरसाली?"

"हो, मावशे."

"सत्तावीस वर्ष तुम्ही येऊन राहिले, अन् मले कोणी सांगतलं नाही वं."

सांगत होतो की आम्ही. दर दसऱ्याला परत आलं की तिच्या ओसरीवर पाय पसरून सांगायचो, काय गर्दी वं मावशे, तू नाही आली तेच बरं. मी स्वतः सांगितलं होतं, किती वेळा कोण जाणे. मला तिच्याकडे बघवेना. मी तिचा हात धरून उभी राहिले आणि रडले.

परतीच्या वाटेवर कळमेश्वर मागे पडल्यावर ती म्हणाली, "पुढल्या साली सुनेले आणजो. मी राहीन मागं."

"तू पण यायचं," मी म्हटलं.

"अन् गुरं कोण पाहीन? पोरं?"

मागच्या सीटवरून नवरा म्हणाला, "मी पाहीन."

मावशी सीटवर अख्खी वळली, खुबा दुखत असताना वळली आणि त्याच्याकडे पाहतच राहिली. सत्तावीस वर्षांत हे वस्तीतल्या एकाही पुरुषाला सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा बायकांनाही नाही.

पुढच्या दसऱ्याला मावशी पुढे बसली आणि सून मागे. नवरा मावशीच्या ओसरीवर पाच पोरं घेऊन बसला होता, आणि आमची गाडी वळेपर्यंत त्यातली तीन रडायला लागली होती.